संशयित पत्राचा न्याय : लिनक्स मेल सर्व्हरवरील स्पॅम-गाळणीचा इतिहास

बीजसंज्ञा : ई-मेल, स्पॅम, लिनक्स, काळी यादी, संभाव्यता, मुक्तस्रोत आज्ञावली, देवनागरी

१. प्रस्तावना

टपालाच्या व्यवस्थेत पत्राचा खर्च पाठविणारा सोसतो. तिकीट त्याने लावायचे, पेटीपर्यंत त्यानेच जायचे. ई-मेलच्या व्यवस्थेत हे नाते उलटे झाले. पत्र पाठविणे जवळजवळ फुकट झाले आणि ते स्वीकारणे, साठविणे, वाचणे व टाकून देणे यांचा भार घेणाऱ्यावर पडला. एक पत्र पाठविण्याचा आणि एक लाख पत्रे पाठविण्याचा खर्च यांत फारसा फरक उरला नाही. न मागता घाऊक प्रमाणात पाठविल्या जाणाऱ्या ई-मेलचा, म्हणजेच 'स्पॅम'चा, उगम या विषमतेत आहे.

या उपद्रवाला आवर घालण्यासाठी ज्या गाळण्या निर्माण झाल्या, त्यांचा इतिहास सामान्यतः शिकारी आणि सावज यांच्या डावपेचांची कथा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधाचा दृष्टिकोन वेगळा आहे. स्पॅम ओळखणे हा या इतिहासाचा केवळ अर्धा भाग होय. गाळणी चुकते तेव्हा त्या चुकीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्पॅमचे एखादे पत्र गाळणीतून निसटले तर वाचकाचे काही क्षण वाया जातात. उलट एखादे प्रामाणिक पत्र गाळणीत अडकले, तर प्रवेशाची विनंती, परीक्षेची सूचना किंवा नियुक्तीचे पत्र नाहीसे होते, आणि ते नाहीसे झाल्याचे पाठविणाऱ्याला व घेणाऱ्यालाही कळत नाही. या निबंधात अशा चुकीला 'चुकीचा आरोप' असे म्हटले आहे. स्पॅम-गाळणीच्या विकासातील महत्त्वाचे टप्पे या चुकीच्या आरोपाविषयीच्या विचारातून घडले, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

विवेचन मुख्यतः लिनक्सवर चालणाऱ्या मेल सर्व्हरपुरते मर्यादित ठेवले आहे. या सर्व्हरवर पत्राविषयीचा निर्णय स्थानिक व्यवस्थापकाच्या हाती असतो, त्यामागची आज्ञावली वाचता येते आणि निर्णयाची कारणे तपासता येतात. अखेरच्या भागात मराठीत लिहिलेल्या पत्राच्या वाट्याला या गाळण्यांतून काय आले, याचाही विचार केला आहे.

२. विश्वासावर उभारलेली व्यवस्था

नको असलेल्या संदेशांचा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी या दस्तऐवजमालिकेतील क्रमांक ७०६ चे लहानसे टिपण लिहिले. तत्कालीन अर्पानेट या जाळ्यातील एखाद्या संगणकाकडून नको असलेले संदेश येऊ लागले, तर ते निवडून नाकारण्याचा कोणताही मार्ग घेणाऱ्या संगणकाकडे नाही, ही त्रुटी त्यांनी दाखविली. प्रत्यक्ष उपद्रव सुरू होण्यापूर्वीचे हे निदान होते.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक-उत्पादक कंपनीतील विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी कॅलिफोर्नियातील दोन प्रात्यक्षिकांचे निमंत्रण अर्पानेटवरील सुमारे ४०० पत्त्यांवर एकाच वेळी पाठविले. पत्त्यांची संख्या इतकी झाली, की ते शीर्षभागात न मावता पत्राच्या मजकुरात सांडले. जाळे चालविणाऱ्या लष्करी यंत्रणेने याविषयी नापसंती कळविली. पहिली व्यापारी घाऊक ई-मेल म्हणून ही घटना नोंदली गेली आहे. त्या काळी लोकलज्जा हीच गाळणी होती, आणि परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या समाजात ती पुरेशी ठरली.

हाच विश्वास पुढे मानकात उतरला. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ द्वारे एसएमटीपी हा ई-मेल पोहोचविण्याचा नियमसंच मांडला. त्यात पाठविणाऱ्याने आपले नाव सांगावे आणि घेणाऱ्याने ते खरे मानावे, अशी रचना आहे. कोणीही कोणाचेही नाव सांगू शकतो. त्याहीपुढे, एका सर्व्हरने परक्याचे पत्र स्वीकारून तिसऱ्याकडे पोहोचते करावे, हा शेजारधर्म मानला जाई. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी घडविलेली 'सेंडमेल' ही आज्ञावली १९८० च्या दशकात युनिक्सची टपालवाहक बनली, आणि हा शेजारधर्म तिच्या मूळ मांडणीतच होता.

१९९० च्या दशकात इंटरनेट व्यापारासाठी खुले झाले आणि अनोळखी माणसे या जाळ्यात आली. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील कँटर व सीगल या वकील जोडप्याने 'ग्रीन कार्ड' सोडतीची जाहिरात युजनेटवरील हजारो चर्चागटांत टाकली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रसंगातून उचललेला 'स्पॅम' हा शब्द त्यानंतर सर्वतोमुखी झाला. जाहिरातदारांनी शेजारधर्माचाही लाभ घेतला. उघड्या ठेवलेल्या परक्या सर्व्हरवरून लाखो पत्रे पाठवावीत आणि दोष त्या सर्व्हरच्या माथी यावा, ही रीत रूढ झाली. अखेरीस १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीत परक्यांची पत्रे पुढे पाठविण्याची सोय मूळ मांडणीतच बंद करण्यात आली. फेब्रुवारी १९९९ मधील आरएफसी २५०५ ने मेल सर्व्हरसाठी स्पॅमविरोधी शिफारशी नोंदविल्या. विश्वासाकडून संशयाकडे झालेल्या प्रवासाची ही पहिली औपचारिक खूण म्हणता येईल.

३. काळ्या याद्या : पत्राऐवजी पत्त्याचा निवाडा

संशय कोणाचा घ्यावा, या प्रश्नाचे पहिले उत्तर 'पत्त्याचा' असे होते. १९९७ मध्ये पॉल विक्सी व डेव्ह रँड यांनी स्पॅम पाठविणाऱ्या वा पाठवू देणाऱ्या जाळ्यांच्या अंकीय पत्त्यांची यादी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. 'मॅप्स' हे त्यांच्या संस्थेचे लघुरूप. इंग्रजीतील 'स्पॅम' ही अक्षरे उलट क्रमाने लिहून ते साधले होते. लवकरच ही यादी डीएनएस या नामव्यवस्थेतून विचारता येऊ लागली. पाठविणाऱ्या यंत्राच्या पत्त्याचे चार भाग उलट क्रमाने लिहून नामव्यवस्थेला प्रश्न विचारायचा. ठरावीक उत्तर आले तर तो पत्ता यादीत आहे असे समजायचे. पत्राचा मजकूर स्वीकारण्यापूर्वीच, एका लहानशा प्रश्नोत्तरात निवाडा होई. मंद जोडणी आणि अपुरी साठवणक्षमता असणाऱ्या सर्व्हरला ही काटकसर मोलाची होती. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्थापन केलेली 'स्पॅमहाउस' ही संस्था याच परंपरेतील होय.

या पद्धतीचे दोन दोष मात्र मूलभूत होते. एक म्हणजे ती पत्राचा नव्हे, पत्त्याचा न्याय करते. एकाच पुरवठादाराच्या आश्रयाने शेकडो संस्था राहत असतील, तर एकाच्या अपराधाची शिक्षा सर्वांना होते. काही याद्यांमध्ये तर पुरवठादारावर दबाव यावा म्हणून शेजारचे पत्ते हेतुपुरस्सर समाविष्ट केले जात.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. यादीचा वापर करणारा व्यवस्थापक आपला विवेक दूरच्या अनोळखी व्यक्तीकडे सोपवितो आणि कालांतराने ते विसरून जातो. ऑगस्ट २००३ मध्ये 'ऑसिरूसॉफ्ट' या यादीच्या चालकाने सततच्या हल्ल्यांना कंटाळून ती बंद केली, आणि बंद करताना जगातील प्रत्येक पत्ता दोषी असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली. जे सर्व्हर या यादीवर आंधळा विश्वास ठेवत होते, त्यांनी सर्वच पत्रे नाकारली. 'ओआरडीबी' ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली होती. तरीही असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तीही प्रत्येक प्रश्नाला 'दोषी' असे उत्तर देऊ लागली. मृत न्यायाधीशाकडे दाद मागत राहण्याचाच हा प्रकार होता.

यादी म्हणजे आदेश की मत, हा वाद न्यायालयातही गेला. 'ई-३६०' या अमेरिकी विपणन कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध दावा लावला. स्पॅमहाउसने बाजू न लढविल्यामुळे २००६ मध्ये इलिनॉय येथील न्यायालयाने १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. अपिले व फेरतपासणीनंतर २०११ मध्ये ही रक्कम ३ डॉलर झाली. यादीत नाव असणे म्हणजे केवळ एका संस्थेचे मत होय. पत्र नाकारण्याचा निर्णय प्रत्येक सर्व्हरचा व्यवस्थापक घेतो, ही स्पॅमहाउसची भूमिका आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. निर्णय आपला असेल, तर चुकीची जबाबदारीही आपलीच ठरते.

४. गुणांची बेरीज : एका साक्षीवर शिक्षा नाही

पत्त्याऐवजी पत्रच तपासण्याचे साधन युनिक्सवर आधीपासून होते. स्टीफन व्हान डेन बर्ग यांची १९९० मधील 'प्रॉकमेल' ही आज्ञावली प्रत्येक पत्र नियमांशी ताडून योग्य कप्प्यात टाकत असे. परंतु तेथे एक नियम लागू झाला की निकाल लागला. विषयात अमुक शब्द आला, की पत्र टोपलीत. औषधाचे नाव लिहिणारा डॉक्टर आणि औषधाची भोंदू जाहिरात करणारा विक्रेता यांत असा नियम भेद करू शकत नाही.

आयरिश संगणकतज्ज्ञ जस्टिन मेसन यांनी एप्रिल २००१ मध्ये 'स्पॅमॲसॅसिन' ही आज्ञावली सार्वजनिक केली. मार्क जेफ्टोविक यांच्या १९९७ मधील एका लहान आज्ञावलीतून तिची प्रेरणा आली होती. २००४ मध्ये ती अपाचे प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प झाली. प्रत्येक नियम पत्राला थोडे गुण देतो, काही नियम गुण वजाही करतात, आणि एकूण बेरीज ठरावीक मर्यादेला पोहोचली तरच पत्र स्पॅम मानले जाते, ही तिची मूळ कल्पना होय. ही मर्यादा मूळ मांडणीत ५ आहे. नियमांचे गुणही मनाने ठरविलेले नव्हते. हातांनी वर्गीकृत केलेल्या पत्रांच्या मोठ्या संग्रहावर गणिती पद्धती चालवून ते काढले जात.

न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा परिस्थितिजन्य पुराव्याचा विचार आहे. सर्वत्र मोठी लिपी वापरणे हा गुन्हा नाही, तारीख चुकीची असणे हाही नाही; पण अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या तर संशय बळावतो. संभाव्यतेच्या कसोटीत ९९ टक्के स्पॅम ठरलेल्या पत्रालाही सर्वसाधारण मांडणीत त्या एका नियमाचे ३.५ गुणच मिळत. म्हणजे सर्वांत भक्कम साक्षीदारही एकटा शिक्षा करू शकत नसे. काळी यादीही येथे न्यायाधीशपदावरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आली.

याच साक्षीदारांत एक भारतीय नावही आढळते. विपुल वेद प्रकाश यांनी घडविलेल्या 'विपुल्स रेझर' या प्रणालीत एका ठिकाणी स्पॅम म्हणून कळविलेल्या पत्राचा ठसा सामायिक ठिकाणी नोंदला जाई, आणि इतर सर्व्हर आपल्याकडील पत्रांचे ठसे त्याच्याशी ताडून पाहत. पुढे ते अमेरिकेतील 'क्लाउडमार्क' या कंपनीचे सहसंस्थापक झाले. स्पॅमॲसॅसिनमध्ये रेझरचे उत्तरही गुणांच्या रूपाने बेरजेत मिळविता येते.

२००५ च्या सुमारास लिनक्स सर्व्हरवर दिसणारी मांडणी पुढीलप्रमाणे सांगता येईल. दाराशी वित्से वेनेमा यांचे 'पोस्टफिक्स' किंवा फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठासाठी लिहिलेले 'एक्झिम'. त्यामागे पत्र उलगडून तपासणाऱ्यांकडे सोपविणारी आज्ञावली. तिच्या मदतीला विषाणू शोधणारे 'क्लॅमएव्ही' आणि गुण देणारे स्पॅमॲसॅसिन. या मधल्या दुव्याचे काम करणारे 'मेलस्कॅनर' साउदॅम्प्टन विद्यापीठात ज्युलियन फील्ड यांनी, तर 'अमाविसडी-न्यू' ल्युब्लियाना येथील योझेफ स्तेफान संस्थेतील मार्क मार्टिनेक यांनी घडविले. या साखळीतील अनेक कड्या विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत, स्वतःच्याच मेल सर्व्हरची निकड भागविण्यासाठी घडल्या आणि मुक्त परवान्याने जगाला मिळाल्या, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

५. बेझचा सिद्धान्त आणि संशयाचा फायदा

थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळालेल्या पुराव्यावरून कारणाची संभाव्यता कशी काढावी, हा त्याचा विषय. १९९८ मध्ये मेहरान साहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती नको असलेल्या ई-मेलला लावून दाखविली. प्रामाणिक पत्र गमावणे हे स्पॅम निसटण्यापेक्षा पुष्कळ महाग आहे, म्हणून ९९.९ टक्क्यांहून अधिक खात्री असल्याखेरीज पत्राला दोषी मानू नये, अशी अट त्यांनी घातली होती.

ही कल्पना सर्वदूर पोहोचली ती ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे. त्यांची रीत सोपी होती. आपल्याकडे आलेल्या स्पॅम व प्रामाणिक पत्रांचे दोन ढीग करावेत. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावे. नवे पत्र आले की त्यातील सर्वांत बोलके १५ शब्द घेऊन त्यांच्या संभाव्यतांचे एकत्रीकरण करावे. निकाल ०.९ च्या वर गेला तर पत्र स्पॅम मानावे.

या गणितातील दोन बारकावे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. ग्रॅहम यांनी प्रामाणिक ढिगातील शब्दांची मोजणी दुप्पट धरली. तसेच पूर्वी कधीही न दिसलेल्या शब्दाला ०.५ ऐवजी ०.४ इतकी संभाव्यता दिली, म्हणजे अनोळखी शब्द किंचित निर्दोषच मानला. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हे न्यायालयातील तत्त्व येथे अंकांच्या रूपाने गाळणीत शिरले.

या पद्धतीने निवाडा स्थानिक झाला. वनस्पतिशास्त्र विभागातील पत्रव्यवहार आणि वाणिज्य विभागातील पत्रव्यवहार यांची शब्दसंपत्ती भिन्न असते. जगासाठी एकच नियम करण्याऐवजी प्रत्येक ठिकाणची गाळणी तेथील पत्रांवरून शिकू लागली. स्पॅमॲसॅसिननेही ही पद्धती आपल्या गुणव्यवस्थेत सामावून घेतली. मात्र किमान २०० स्पॅम आणि २०० प्रामाणिक पत्रे शिकविल्याशिवाय हा भाग निकाल देत नाही, असे बंधन ठेवले. येथेच एक नैतिक पेच उभा राहतो. स्पॅमचे नमुने मुबलक असतात. प्रामाणिक पत्रे मात्र कोणाची तरी खाजगी पत्रे असतात. गाळणीला न्याय शिकवायचा तर ती कोणाच्या संमतीने वापरावयाची, हा प्रश्न तांत्रिक पुस्तिका व्यवस्थापकाच्या सदसद्विवेकावर सोडून देतात.

६. नकार कोठे आणि कसा द्यावा

पत्र संशयित ठरले, तर पुढे काय करावे? या प्रश्नाने गाळणीच्या रचनेवर खोल परिणाम केला. प्रारंभीच्या मांडणीत सर्व्हर पत्र आधी स्वीकारी, मग तपासे आणि स्पॅम आढळल्यास 'पत्र नाकारले' असे उत्तर पाठविणाऱ्याला धाडी. पाठविणाऱ्याचे नाव खोटे असल्यामुळे हे उत्तर भलत्याच निरपराध व्यक्तीकडे जाई, आणि गाळणी स्वतःच उपद्रव करू लागे. यावर उपाय म्हणून अनेकांनी संशयित पत्रे गुपचूप नष्ट करण्यास आरंभ केला. परंतु चुकीच्या आरोपाचे हे सर्वांत वाईट रूप होय, कारण त्यात आरोपीला आरोपच कळत नाही.

तिसरा मार्ग असा, की पत्र देणारा सर्व्हर दाराशी उभा असतानाच मजकूर तपासावा आणि तेथल्या तेथे नकार द्यावा. पाठविणारा प्रामाणिक असेल, तर त्याचाच सर्व्हर त्याला ही गोष्ट कळवितो. तो लबाड असेल, तर कोणालाही त्रास होत नाही. पोस्टफिक्सच्या २.१ या २००४ मधील आवृत्तीने आणि २००५ मध्ये एक्झिमच्या ४.५० या आवृत्तीने ही सोय आपल्या अंगभूत रचनेत आणली. ऑक्टोबर २००८ मधील आरएफसी ५३२१ या मानकानेही पत्र गुपचूप टाकून देणे हे अत्यंत खात्रीच्या प्रसंगांपुरतेच असावे, असे बजावले.

दाराशी थांबविण्याचा आणखी एक प्रकार २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी 'ग्रेलिस्टिंग' या नावाने सुचविला. अनोळखी यंत्र, पाठविणारा आणि घेणारा हे त्रिकूट प्रथमच दिसले, तर 'आता नको, थोड्या वेळाने ये' असे तात्पुरते उत्तर द्यावयाचे. नियम पाळणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा येतो. घाऊक पत्रे फेकणारी त्या काळची यंत्रे सहसा परतत नसत. येथे प्रामाणिकाला शिक्षा नव्हती, केवळ विलंब होता. अर्थात अर्जाची मुदत त्याच दिवशी संपणार असेल, तर विलंब हीसुद्धा शिक्षाच ठरते.

७. १ जानेवारी २०१० : नियमच चुकतो तेव्हा

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी स्पॅमॲसॅसिनच्या ३.२ मालिकेने अनेक प्रामाणिक पत्रांना अकस्मात वाढीव गुण दिले. पत्रावरील तारीख दूरच्या भविष्यातील असेल तर संशय घ्यावा, असा एक नियम तिच्यात होता, आणि नियम लिहिणाऱ्याने 'दूरचे भविष्य' म्हणजे २०१० पासून पुढची वर्षे असे धरले होते. २०१० उजाडताच वर्तमानकाळच संशयित झाला. या एका नियमाचे गुण साडेतीनच्या आसपास असल्यामुळे ५ च्या मर्यादेपर्यंतचे बहुतेक अंतर प्रत्येक पत्राने आरंभीच कापले. ही चूक पूर्वीच लक्षात येऊन विकासाधीन आवृत्तीत सुधारलेली होती. मात्र वापरात असलेल्या आवृत्तीपर्यंत ती दुरुस्ती पोहोचली नव्हती. त्याच दिवशी दुरुस्त नियम प्रसृत करण्यात आला. ज्यांचे सर्व्हर नियम अद्ययावत करीत होते ते लवकर सावरले. ज्यांनी गाळणी एकदा बसवून तिच्याकडे पाठ फिरविली होती, त्यांची प्रामाणिक पत्रे संशयाच्या कप्प्यात जात राहिली.

या प्रसंगाचा बोध दुहेरी आहे. सर्व नियम त्यांच्या लेखकाच्या काळाच्या चौकटीत जन्मतात, आणि ही चौकट बदलली की निरपराध माणूस दोषी ठरतो. तथापि नियम उघड असल्यामुळेच दोष सापडला, त्यावर सार्वजनिक चर्चा झाली आणि प्रत्येक व्यवस्थापकाला तो नियम स्वहस्ते शून्यावर आणता आला. बंद गाळणीत हे शक्य झाले नसते.

८. मराठी पत्राची अडचण

नियमांना काळाची चौकट असते, तशीच भाषेचीही असते. स्पॅमॲसॅसिनमध्ये कोणत्या लिपींतील पत्रे अपेक्षित आहेत हे सांगण्याची सोय आहे. तिच्यात पाश्चात्त्य लिपी, जपानी, कोरियन, सिरिलिक, थाई व चिनी असे सहा पर्याय होते; देवनागरीचा पर्याय नव्हता. भाषा ओळखणाऱ्या 'टेक्स्टकॅट' या जोडभागाच्या यादीत मात्र हिंदी, संस्कृत व नेपाळी यांच्यासह मराठीही आहे. मूळ मांडणीत सर्वच भाषांना मुभा असते, त्यामुळे ही त्रुटी आपोआप घातक ठरत नसे. परंतु परकीय लिपींतील स्पॅमला कंटाळलेल्या व्यवस्थापकाने मोजक्याच भाषांना परवानगी दिली, की न दिलेली प्रत्येक भाषा संशयित ठरे.

अधिक खोल अडचण शब्दमोजणीत होती. स्पॅमॲसॅसिनचा शब्द वेगळे करणारा भाग रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित रूपात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'परीक्षा' हा शब्द २१ बाइटांचा, तर 'महाविद्यालय' ३३ बाइटांचा होतो. १५ बाइटांहून लांब अशा बिगररोमन तुकड्याचे ही आज्ञावली दोन-दोन बाइटांच्या जोड्यांत विभाजन करी. या जोड्यांना मराठीत काहीही अर्थ नाही. त्यांतील कित्येक जोड्या देवनागरीतील बहुतेक शब्दांत समान असतात. परिणामी प्रामाणिक मराठी पत्रातील 'परीक्षा' हा शब्द गाळणीला शब्द म्हणून दिसतच नसे. तिला दिसे ती केवळ लिपीची छाया. देवनागरीतील जाहिराती बऱ्याच शिकविल्या गेल्या, तर ती छायाच दोषी ठरण्याचा धोका होता. बेझच्या सिद्धान्ताने दिलेले स्थानिक न्यायाचे आश्वासन मराठी पत्रापर्यंत अपुरेच पोहोचले. डिसेंबर २०२२ मधील ४.० या आवृत्तीत यूटीएफ-८ मजकुराच्या हाताळणीत व्यापक सुधारणा झाली. म्हणजे आज्ञावली प्रसिद्ध झाल्यानंतर एकवीस वर्षांनी.

युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या खाजगी टंकांच्या कटकटीमुळे मराठी मजकूर चित्राच्या रूपात पाठविण्याची सोय अनेकांनी स्वीकारली होती. २००६ च्या सुमारास जाहिरातदारांनीही शब्दगाळणी चुकविण्यासाठी मजकूर चित्रात दडविण्यास आरंभ केला. 'चित्र मोठे आणि शब्द थोडे' अशा पत्रांना गुण देणारे नियम स्पॅमॲसॅसिनमध्ये होतेच. चित्ररूप मराठी निमंत्रणाला लिपीच्या अभावाची शिक्षा लबाडीच्या नावाखाली होण्यास त्यामुळे वाव राहिला.

९. कायदा आणि ओळखपत्र

स्पॅमचा बंदोबस्त कायद्याने करण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत १६ डिसेंबर २००३ रोजी संमत झालेला 'कॅन-स्पॅम' कायदा १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्याने व्यापारी पत्रांवर बंदी न घालता खोटे शीर्षभाग निषिद्ध केले आणि नकार कळविण्याची सोय सक्तीची केली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये झालेल्या दुरुस्तीने २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६-अ लागू झाले. त्रास वा गैरसोय व्हावी या हेतूने, किंवा उगमाविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठविलेली ई-मेल हा त्यातील एका उपकलमाचा विषय होता. प्रत्यक्षात हे कलम गाजले ते निराळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले. 'त्रास' आणि 'गैरसोय' यांसारख्या संदिग्ध शब्दांच्या जाळीत निरपराध अभिव्यक्ती सापडते, हे त्यातून स्पष्ट झाले. कायद्याच्या गाळणीलाही चुकीच्या आरोपाचा दोष चुकला नाही.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात दरम्यान मूळ त्रुटीकडे, म्हणजे नाव सांगेल ते खरे मानण्याकडे, लक्ष वळले होते. कोणत्या यंत्रांना आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार आहे हे जाहीर करणारी एसपीएफ पद्धती एप्रिल २००६ मध्ये, पत्रावर गणिती स्वाक्षरी करणारी डीकेआयएम मे २००७ मध्ये आणि या दोहोंच्या आधारे धोरण सांगणारी डीमार्क मार्च २०१५ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर या तिन्हींची सक्ती केली. यामुळे सोंग घेणे अवघड झाले हे खरे. परंतु ओळखपत्र दाखविले म्हणजे सज्जनपणा सिद्ध होत नाही, आणि ओळखपत्र नसणे म्हणजे दुर्जनपणाही नव्हे. एखाद्या लहान महाविद्यालयाच्या सर्व्हरवर स्वाक्षरीची नोंद करावयाची राहून गेली, तर त्याची प्रामाणिक पत्रे मोठ्या कंपन्यांच्या दाराशी अडतात, आणि तेथे दाद मागण्यासाठी समोर माणूस सापडणे कठीण असते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की स्पॅम-गाळणीचा विकास तीन प्रश्नांच्या क्रमाने झाला : पत्र कोठून आले, पत्रात काय आहे आणि पत्र पाठविणारा खरोखर कोण आहे. प्रत्येक उत्तराने स्पॅम काही अंशी रोखला आणि प्रत्येक उत्तराने प्रामाणिकांचा एखादा नवा वर्ग संशयाच्या छायेत आणला. काळ्या यादीने शेजाऱ्यांना, शब्दमोजणीने अपरिचित भाषांना, तर ओळखपत्राने लहान संस्थांना त्रास दिला. या इतिहासातील टिकाऊ प्रगती स्पॅम पकडण्याच्या प्रमाणावरून मोजता येणार नाही. एका साक्षीवर शिक्षा न करणे, अनोळखी शब्दाला संशयाचा फायदा देणे, नकार द्यायचा तर तोंडावर देणे आणि नियम उघड ठेवणे, या चार तत्त्वांच्या स्वीकारात ती आढळते.

शैक्षणिक संस्थांना यातून व्यवहार्य बोध घेता येईल. मेल सर्व्हर स्वतः चालविणे अनेक ठिकाणी परवडेनासे झाले आहे, आणि ते काम बाहेर सोपविण्यात गैर काही नाही. परंतु सोपविताना आपण केवळ यंत्र देत नाही, न्याय करण्याचा अधिकारही देतो, याची जाणीव असावी. गाळणी कोणाचीही असो, संशयित पत्रांचा कप्पा ठरावीक मुदतीने पाहण्याची जबाबदारी एखाद्या व्यक्तीकडे नेमून देणे आणि मराठीतील प्रामाणिक पत्रे संमतीने गाळणीस शिकविणे, या दोन गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला करता येण्याजोग्या आहेत. स्पॅम नजरेस पडतो, म्हणून त्याची तक्रार होते. न पोहोचलेल्या पत्राची तक्रार करणारा कोणी नसतो. म्हणूनच त्याची काळजी संस्थेने स्वतःहून घ्यावी लागते.